पेट्युनिया म्हणू नका

१५ एप्रिल, मंगळवार

बर्फ वितळलं. तळ्याकाठचा सायकलरस्ता एकदाचा मोकळा झाला आणि आमच्या मंगळवार मंडळाची यंदाची पहिली फेरी निघाली. मी सगळ्यांच्या आधी हजर. नवे हातमोजे. प्रकृती उत्तम.

पण सुरुवातच नासली. पुलाजवळ अर्धं मिनियापोलिस ऊन खात उभं होतं, आणि मागून ग्लेन्डाने गळा फाडून हाक मारली, ए पेट्युनिया, तुझं हेल्मेट उलटं आहे! ग्लेन्डा आमच्या मंडळाची म्होरकी. निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवायची, त्यामुळे शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवायची सवय. लोक माना वळवून पेट्युनिया नावाची बाई शोधायला लागले.

पेट्युनिया म्हणजे मी. रोल्फ हॉगन. वय सत्तावन्न, उंची सव्वासहा फूट, कार्पेटच्या दुकानात विक्रीप्रमुख.

मंडळाची रीतच अशी. सायकलवर टांग टाकली की आईबापांनी ठेवलेलं नाव विसरायचं. सायकलचं जे नाव तेच माणसाचं. ग्लेन्डाची सायकल सार्जंट, म्हणून ग्लेन्डा सार्जंट. ड्वेनच्या सायकलवर पहिल्याच सहलीत ग्रेव्हीचं भांडं उलटलं, म्हणून ती ग्रेव्ही आणि ड्वेनही ग्रेव्ही. माझं नशीब असं की मी सायकल जुनी घेतली. आर्डिस क्वाम म्हणून म्हातारी बाई होती मंडळात. ती मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेली आणि तिची सायकल मी घेतली. फिकट जांभळा रंग, पुढे वेताची टोपली, पितळी घंटी. नाव आधीच ठेवलेलं, कुंडीतल्या जांभळ्या फुलाचं. गेली दोन वर्षं सोसतोय.

संकल्प: यंदा नाव बदलायचंच. नवं नाव व्हायकिंग. आमचे पूर्वज नॉर्वेचे. शोभून दिसेल.

हेल्मेट उलटं होतं हे खरं. पण मुद्दा तो नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

दुकानात एक नवं गिऱ्हाईक आलं. तीन खोल्यांचं कार्पेट. काउंटरवरच्या पोरीला म्हणे, मला ते उंच पेट्युनिया साहेब हवेत, परवा पुलावर बघितलं होतं त्यांना. पोरगी मागच्या खोलीत जाऊन हसून आली. मला ऐकू आलं.

गिऱ्हाइकाला कार्पेट विकलं. पण हसू आलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

आज जाहीर केलं. कॉफीच्या थांब्यावर उभा राहिलो, घसा साफ केला आणि सांगितलं की आजपासून माझ्या सायकलचं नाव व्हायकिंग. छोटंसं भाषण. समुद्र, पूर्वज, धाडस वगैरे.

ग्लेन्डा म्हणाली, हं, वेगळं आहे. ड्वेननेही मान हलवली. म्हणाला, वेगळं आहे खरं.

प्रस्ताव मंजूर! इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

घरी येऊन जॅनेलला सांगितलं. ती हसत सुटली. म्हणाली, अरे, या गावात जन्मलास ना तू? माझ्या आईने ट्यूना घालून जेली केली होती तेव्हा तूच काय म्हणाला होतास, आठव. म्हटलं, आठवत नाही. म्हणाली, वेगळं आहे, म्हणाला होतास. आणि टेबलाखाली कुत्र्याला घातली होतीस.

जॅनेलला मंडळाच्या आतल्या गोष्टी कळत नाहीत.

२९ एप्रिल, मंगळवार

सबंध संध्याकाळ पेट्युनिया, पेट्युनिया, पेट्युनिया. ड्वेनला बाजूला घेऊन समजावलं की ठराव झालाय. तो म्हणाला, ठराव कसला, तू बोललास आणि आम्ही ऐकून घेतलं. ड्वेन स्वभावाने गोड माणूस आहे. म्हणूनच असं बोलला की राग कुठे काढावा कळेना.

ग्लेन्डाने मग नियम सांगितला. नाव सायकलचं असतं, बसणाऱ्याचं नसतं. जुन्या मालकिणीने स्वतः सोडलं तर बदलतं, नाहीतर फ्रेम मोडली तर. म्हणाली, तुला हौसच असेल तर आर्डिसला फोन कर बाबा, मी काय सांगणार.

करणार. उद्याच. दोन मिनिटांचं काम.

३ मे, शनिवार

आर्डिसबाईंना फोन केला. कामाचं बोलायचं ठरवून बसलो होतो. त्यांनी नाव ऐकलं आणि पहिला प्रश्न, आमची पेट्युनिया कशी आहे? थंडीत बाहेर तर नाही ना ठेवलीस? चढावर अजून टिकटिक करते का? मी म्हटलं, करते. म्हणाल्या, करू दे, ती बंद झाली तर मात्र काळजी कर. मग म्हणाल्या, ऐकव की जरा घंटी. फोन घेऊन गॅरेजमध्ये गेलो. वाजवली. पलीकडून नाक शिंकरल्याचं ऐकू आलं. म्हणाल्या, इथे नुसतं ऊन आहे रे, आणि म्हातारे लोक गोल्फच्या गाडीतून दूध आणायला जातात. अजून एकदा वाजव.

तीनचार वेळा वाजवली.

शेवटी त्यांनी विचारलं, तुझं काही काम होतं का? म्हटलं, छे छे, सहज केला.

फोनवर असे विषय काढायचे नसतात. वेळ योग्य नव्हती. शिवाय ॲरिझोनात उकडत होतं.

१० मे, शनिवार

दुसरा मार्ग: फ्रेम. मोडायला नको, थोडी चीर गेली तरी नियमात बसेल. चर्चच्या मागे फुटपाथची उंच कड आहे. वेगात येऊन सायकल तिच्यावरून खाली आदळायची, असा बेत.

वेगात आलो. कडेजवळ ब्रेक लावला. उतरलो. सायकल उचलून अलगद खाली ठेवली. रिम वाकली असती तर? असले प्रयोग दुसऱ्याच्या सायकलवर करावेत.

येताना चेनला तेल दिलं. तसंच टोपलीतलं अस्तर बदललं. जुनं मळलं होतं.

१३ मे, मंगळवार

स्टिकर आले. काळ्या ठसठशीत अक्षरांत व्हायकिंग, खास बनवून घेतलेले. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना लावले. लोकांना डोळ्यांनी दिसलं की तोंडाला सवय लागते. विक्रीच्या धंद्यात माझी हयात गेली.

फेरी सुरू झाली आणि दहाव्या मिनिटाला डावीकडचा पडला. पुलावर उजवीकडचा. ड्वेन म्हणाला, अरे, तू फ्रेमला दर रविवारी मेण लावून घासतोस, त्यावर माशी बसली तरी घसरेल.

दर रविवारी नाही. एखाद्या रविवारी सुट्टी असते. गंज चढू नये म्हणून लावतो. लोखंडाला गंज चढतो हे शास्त्र आहे. त्यात प्रेम वगैरे काही नाही. सायकल ही वस्तू आहे.

१ जून, रविवार

मोठा निर्णय. नवी सायकल घेतली.

काळी कुळकुळीत. कार्बनची. एका बोटावर उचलता येते (दुकानदाराने उचलली, मी दोन्ही हातांनी). बूट पॅडलला खटकन अडकतात. टोपली नाही. घंटी नाही. नाव: व्हायकिंग. आता जुन्या मालकिणीचा प्रश्नच नाही.

जॅनेलने विचारलं, मग पेट्युनियाचं काय? म्हटलं, भिंतीवर हूक आहे, राहील तिथे. म्हणाली, म्हणजे विकणार नाहीस? म्हटलं, जून महिन्यात भाव पडलेले असतात. म्हणाली, हो का, मला वाटलं जूनमध्येच सायकली विकल्या जातात.

बायकोशी अर्थशास्त्रावर बोलण्यात अर्थ नाही.

३ जून, मंगळवार

व्हायकिंगची पहिली फेरी. वेग अफाट. सगळ्यांच्या पुढे. आईस्क्रीमच्या दुकानासमोर सिग्नल लागला. थांबलो. पाय खाली टेकवायला गेलो तर बूट पॅडललाच अडकलेला. सावकाश, अगदी सावकाश, आख्खाच्या आख्खा उजवीकडे आडवा झालो. रांगेत चाळीस माणसं. एका बाळाने टाळ्या वाजवल्या.

रस्ता तिथे उतरता आहे. पालिकेला कळवायला हवं.

पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच. मला उठवताना ग्लेन्डा काय म्हणाली? म्हणाली, रोल्फ, लागलं का रे? रोल्फ! ड्वेनही म्हणाला, रोल्फ, हात दे. परतीच्या वाटेवर एकदाही पेट्युनिया नाही.

जिंकलो. गुडघ्याला बर्फ लावून बसलोय, पण जिंकलो.

१० जून, मंगळवार

ग्लेन्डाला विचारलं की व्हायकिंग कधीपासून म्हणणार. तिने दुसरा नियम काढला. नव्या सायकलचं नाव मालकाने ठेवायचं नसतं. मंडळ ठेवतं, तेही तिच्या हातून काहीतरी घडल्यावर. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी ठरतं. तोपर्यंत माणूस आपल्या नावाने. म्हटलं, ती आईस्क्रीमसमोर पडली की. म्हणाली, ती नाही पडली, तू पडलास.

काही हरकत नाही. सप्टेंबरपर्यंत त्यांच्या लक्षात येईलच.

१७ जून, मंगळवार

ड्वेनचा मेहुणा आयोवाहून आलाय, केन्ट. एका दिवसासाठी आमच्याबरोबर आला. थांब्यावर ग्लेन्डाने घरून आणलेले लिंबाचे बार्स, म्हणजे गोड वड्या, उघडले आणि म्हणाली, आधी केन्ट आणि रोल्फ घ्या. पाणी संपलं तर, आधी केन्ट आणि रोल्फला द्या. फोटोत केन्ट आणि रोल्फ मधोमध.

मान वाढत चाललाय हे स्पष्ट आहे. जॅनेलला सांगितलं. ती भांडी पुसत होती. हात थांबवून म्हणाली, रोल्फ, पाहुण्यांना आधी देतात.

मी पुसलेल्या बशा कपाटात ठेवायला घेतल्या. पसारा नको म्हणून.

पूर्वी बार्सच्या डब्यात मी न विचारता हात घालायचो. ग्लेन्डा हातावर चापट मारायची. पेट्युनिया, हावरटा, म्हणायची.

२९ जून, रविवार

सकाळी पेट्युनियावर बसून दूध आणलं. टायर एका जागी राहिले की तडकतात.

३० जून, सोमवार

सकाळी पेट्युनियावर बसून ब्रेड आणला. कालचंच कारण.

४ जुलै, शुक्रवार

सुट्टी. घरात दूध, ब्रेड, अंडी सगळं होतं. तरी पेट्युनियावर बसून बाहेर पडलो, आणि रिकाम्या टोपलीनेच परत आलो. जॅनेल दारात उभी होती. म्हणाली, काय आणलंस? म्हटलं, दुकानं बंद होती. म्हणाली, हो, आज बंदच असतात, तुला माहीत होतं.

चढावर टिकटिक चालू आहे. तब्येत ठीक.

१५ जुलै, मंगळवार

मंडळात नवी मुलगी आली. मरिसा. न्यू जर्सीहून इथल्या शाळेत गाणं शिकवायला आलीय. स्वतःची सायकल नाही, नाक्यावरची भाड्याची ओढत आणली. ती सायकल म्हणजे चाकं लावलेलं कपाट. बिचारी चढावर लालबुंद झाली. पण गप्प बसायचं नाव नाही. आल्या आल्या मला म्हणाली, तुमची सायकल भारी दिसते, पण तुम्ही तिच्यावर फार अवघडल्यासारखे बसता. न्यू जर्सीत मनात येईल ते बोलतात असं ऐकलं होतं. खरं आहे.

मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

२२ जुलै, मंगळवार

लिहायला हात उठत नाही. पण लिहिलं पाहिजे, कारण माझी काही चूक नव्हती.

आज तळ्याकाठी मंडळाचं जेवण. प्रत्येकाने घरून काहीतरी आणलेलं. जॅनेलने हॉटडिश दिलं होतं, ओव्हनमध्ये भाजलेला खिमा आणि वर बटाट्याचा कुरकुरीत थर. लोक खूश. मीही खूश. मरिसा तिच्या कपाटाबद्दल रडगाणं गात होती. सगळे ऐकत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अगं, माझी पेट्युनिया नुसती भिंतीवर लटकलीय, घेऊन जा ती. तशीच. मला काय करायचीय.

आता इथे आमच्यात हे कसं चालतं ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी म्हणायचं घे. समोरच्याने म्हणायचं, छे छे, नको. मी म्हणायचं, घे गं, संकोच करू नकोस. तिने म्हणायचं, नाही हो, एवढी चांगली वस्तू कशी घेऊ. इथपर्यंत येऊन मी विषय बदलायचा, डास फार झालेत म्हणायचं. सगळ्यांना दिसतं की माणूस दिलदार आहे, आणि वस्तू ज्याची त्याच्याकडे राहते. खरोखर द्यायची असेल तरच तिसऱ्यांदा म्हणतात, आणि तिसऱ्यांदा म्हटलं तरच घेतात. माझा आजा असाच जगला, बापही असाच जगला.

मरिसा म्हणाली, खरंच? थँक यू! आणि उठून माझा हात हातात घेऊन हलवायला लागली.

पहिल्यांदाच! एकदाही नको न म्हणता!

ड्वेनचा चमचा थाळीत पडला. ग्लेन्डा तळ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, डास फार झालेत. उपयोग झाला नाही.

२३ जुलै, बुधवार

जॅनेल म्हणाली, सरळ सांग तिला, चुकून बोललो म्हणून. म्हटलं, चारचौघांत दिलेला शब्द आहे. म्हणाली, मग मी सांगू? म्हटलं, खबरदार.

आणि एवढं काय बिघडलंय? भिंत मोकळी होईल. वस्तू आहे. गेली तर गेली.

२६ जुलै, शनिवार

मरिसा आली आणि घेऊन गेली.

मी पहाटेच उठून मेण लावून ठेवलं होतं. तिला सगळं समजावलं: उन्हात उभी करू नकोस, घंटीला पाणी लागू देऊ नकोस, तिसरा गिअर टाकताना क्षणभर पाय सैल सोड, तिला घाई आवडत नाही. मरिसा म्हणाली, तुम्ही हिला जपलंय हो. म्हटलं, छे, वर्षाकाठी एखादं फडकं मारायचो.

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी गॅरेजच्या दारात होतो. दार खाली ओढायचं होतं म्हणून.

आता हूक रिकामा. त्यावर बागेचा पाइप अडकवला. बरा दिसत नाही. काढला.

५ ऑगस्ट, मंगळवार

फेरीत मागून ग्लेन्डा ओरडली, पेट्युनिया, डावीकडून गाडी! मी झटकन उजवीकडे घेतली. इतकी उजवीकडे की काठच्या लव्हाळ्यात शिरलो. मरिसाने नुसता हात वर करून बरं म्हटलं आणि पुढे गेली.

हाक तिला होती.

सगळे थांबले. ड्वेनने मला ओढून काढलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ग्लेन्डा म्हणाली, सावकाश रे, रोल्फ. रोल्फ, रोल्फ. कुणी रोल्फ म्हटलं की हल्ली बँकेतून फोन आल्यासारखं वाटतं.

संतापलोय. कुणावर ते ठरवायचंय.

१० ऑगस्ट, रविवार

आर्डिसबाईंचा फोन. म्हणाल्या, वाढदिवस आहे माझा, घंटी ऐकव. काय करणार? स्वयंपाकघरात गेलो, काचेचा पेला घेतला आणि चमच्याने वाजवला. दोनदा. म्हणाल्या, रोल्फ, हा चमचा आहे.

सांगावं लागलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी विचारलं, पोरगी चालवते का नीट? म्हटलं, चालवते. चढावर उतरून ढकलते की बसून चढते? म्हटलं, बसून चढते, आणि वर गाते. म्हणाल्या, मग बरं. आणि तू कसा आहेस? म्हटलं, उत्तम.

म्हणाल्या, माझ्याशी कशाला खोटं बोलतोस, मी दोन वर्षं रडतेय तिच्यासाठी.

वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नवी योजना. भावनेचा प्रश्न नाही, व्यावहारिक योजना. सप्टेंबरात व्हायकिंग हे नाव मिळालं की माझं मंडळातलं स्थान पक्कं. मग पेट्युनियाची आठवण येण्याचं कारण उरणार नाही. त्यासाठी सायकलच्या हातून काहीतरी भव्य घडायला हवं. सबंध तळ्याला न थांबता तीन फेऱ्या, सगळ्यांच्या देखत.

दुसऱ्या फेरीत पाठ धरली. कार्बनला माणसाच्या पाठीची कदर नाही. बाकावर आडवा पडलो होतो तेव्हा मरिसा आली आणि टोपलीतून थंड पाण्याची बाटली काढून दिली. माझ्या टोपलीतून. अस्तर तेच होतं, मी बदललेलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

नामकरण झालं.

सगळे बाकांभोवती जमले. मी दाढी करून गेलो होतो. भाषण खिशात. ग्लेन्डा उभी राहिली आणि म्हणाली, या काळ्या सायकलचा आम्ही पुष्कळ विचार केला. खरं सांगायचं तर तिच्याकडे बघून कुणाला काही सुचतच नाही. सगळा उन्हाळा आपण तिला रोल्फ रोल्फच म्हणतोय. तोंडात बसलंय. तर रोल्फच असू दे.

सायकलचं नाव रोल्फ. टाळ्या झाल्या. ड्वेनने पुढच्या टायरवर बिअर शिंपडली, रीतीप्रमाणे.

म्हणजे आता मला मंडळात नाव आहे. सायकलवरून पडलेलं. रोल्फ.

आभार मानायला उभा राहिलो. तोंडातून निघालं, वेगळं आहे. पहिल्यांदाच सगळे मनापासून हसले, आणि ग्लेन्डाचे डोळे पाणावले. म्हणाली, पेट्युनि... आणि थांबली. मरिसाकडे बघून म्हणाली, सॉरी गं.

घरी येऊन जॅनेलला सगळं सांगितलं. या खेपेला ती हसली नाही. सूप गरम करून दिलं.

आता लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय. मला पेट्युनिया परत हवी. टोपलीसकट हवी. पुलावर उभ्या असलेल्या सगळ्या मिनियापोलिससमोर कुणी गळा फाडून पेट्युनिया म्हणून ओरडावं आणि ते मला असावं.

संकल्प: मरिसाला स्पष्ट सांगायचं. शनिवारपर्यंत.

६ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं नाही. पाऊस होता.

९ सप्टेंबर, मंगळवार

सांगणार होतो. थांब्यावर तिच्याशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, हवा बदलली. ती म्हणाली, हो. म्हटलं, लवकरच थंडी पडेल. ती म्हणाली, हो ना. आमच्याकडे याचा अर्थ कुणालाही कळला असता.

१३ सप्टेंबर, शनिवार

दारावरची बेल वाजली. मरिसा. मागे, आमच्याच गॅरेजसमोर, पेट्युनिया उभी. मेण लावलेली! माझ्याइतकं नाही, पण लावलेली.

मरिसा म्हणाली, सार्जंटने मला काल सगळं सांगितलं. इथे देणं आणि घेणं कसं असतं ते. मला माहीतच नव्हतं हो, आमच्याकडे घे म्हटलं की घेतात. मला रात्रभर झोप लागली नाही. तुम्हाला पेट्युनिया परत हवीय का?

हातांनी दाराची चौकट घट्ट धरली. आणि तोंड? तोंड म्हणालं, छे छे, अजिबात नको.

साहजिकच आहे. पहिली वेळ होती.

मरिसा म्हणाली, नक्की? मनापासून सांगताय ना? माझ्यासाठी म्हणून नका सांगू.

मी म्हटलं, अगं नाही, एवढी रुळलीय ती तुझ्याकडे, मी कशी घेऊ. अगदी व्यवस्थित म्हटलं. बापाने म्हटलं असतं तसं. आणि श्वास घेतला. तिसऱ्या वेळचं उत्तर जिभेवर तयार होतं: बरं, तू एवढं म्हणतेच आहेस तर.

मरिसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मला घट्ट मिठी मारली. म्हणाली, देवा, मी किती घाबरले होते, तुम्ही हो म्हणाल म्हणून. माझा फार जीव जडलाय हो तिच्यावर. इथे मला कुणी ओळखत नव्हतं, आता भाजीवालाही पेट्युनिया म्हणून हाक मारतो.

आणि गेली.

जॅनेल स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, अरे बघतोस काय, हाक मार, कोपऱ्यावरच आहे अजून. म्हटलं, काय म्हणून हाक मारू? आणि तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कसं घ्यायचं, शोभतं का? जॅनेल माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि आत गेली.

मग गॅरेजमध्ये जाऊन रोल्फमध्ये हवा भरली. गरज नव्हती.